ड्रॉवरमधले सात फोन

कासारवडवलीच्या एका ताईंनी विचारलंय. घरात माणसं चार, चालू फोन चार, आणि टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये बंद पडलेले सात. मुलगी सातवीत आहे. शाळेत ई-कचऱ्याबद्दल ऐकून आली आणि तेव्हापासून घरभर फिरून चार्जर प्लगमधून उपसून ठेवते. सगळ्यांच्या फोनला डार्क मोडही तिनेच लावला. ताईंचा स्वतःचा फोन साडेतीन वर्षांचा, दुपारी तीनलाच बॅटरी मान टाकते. त्यांचा प्रश्न असा: नवा घ्यायचाच आहे, तर पर्यावरणाला कमीत कमी त्रास देणारा कोणता घेऊ? आणि त्या सात फोनांचं काय करू?

ताई, मी ठाण्याच्या नौपाड्यात २००३ पासून मोबाईल दुरुस्त करतो. बटणांच्या फोनपासून आजच्या घडीच्या फोनपर्यंत सगळं या टेबलावर उघडलंय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलीलाही ऐकवा: नवा फोन घेऊ नका, आहे त्यात बॅटरी टाका. नवा फोन कितीही ‘ग्रीन’ असला, कागदी खोक्यात आला, त्याची फ्रेम जुन्या ॲल्युमिनियमची असली, तरी तुमच्या हातातल्या जुन्या फोनपेक्षा तो पर्यावरणाला महागच पडतो. कारण फोनचं बहुतेक नुकसान तो तुमच्या घरी यायच्या आधीच होऊन गेलेलं असतं.

हे माझं मत नाही, कंपन्यांचे स्वतःचे आकडे आहेत. ॲपल प्रत्येक मॉडेलचा पर्यावरण अहवाल काढते. आयफोन १४ चा आयुष्यभराचा हिशोब त्यात ६१ किलो कार्बन डायऑक्साइड इतका दिलाय आणि त्यातला जवळजवळ ८० टक्के वाटा फोन तयार होतानाचा आहे. तुम्ही तो वर्षानुवर्षं चार्ज करता, त्याचा वाटा उरलेल्यातला. पावणेदोनशे ग्रॅमची वस्तू आणि तिच्यामागे तिच्या वजनाच्या साडेतीनशे पट धूर.

एवढा धूर येतो कुठून? मुख्यतः बोर्डावरच्या चिपमधून आणि डिस्प्लेमधून. चिप बनवायला वाळूतलं सिलिकॉन लागतं हे पुस्तकात असतं. पण त्या सिलिकॉनच्या चकतीवर थरावर थर चढवत, कोरत, धुवत चिप तयार व्हायला काही महिने जातात. कारखान्यातली हवा रात्रंदिवस गाळलेली आणि ठराविक तापमानाची ठेवावी लागते. पाणी इतकं शुद्ध लागतं की त्यात क्षारसुद्धा चालत नाहीत. आणि कोरायला, यंत्रं साफ करायला फ्लोरिनचे वायू वापरतात. त्यातला सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू एक किलो हवेत सुटला, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार किलोंपेक्षा जास्त काम करतो. शिवाय बॅटरीतलं कोबाल्ट: जगातलं साधारण ७० टक्के कोबाल्ट एकट्या काँगोच्या खाणींतून निघतं आणि तिथे हाताने खणणाऱ्यांत लहान मुलंही असतात. बारीक कपॅसिटरमधला टँटलम, जोडण्यांवरचं सोनं, स्पीकरच्या चुंबकातलं निओडिमियम, सगळं कुठून कुठून खणून आणलेलं. हे एकदा झालं की झालं. फोन दोन वर्षं वापरा नाहीतर सहा वर्षं, ती खाण पुन्हा बुजत नाही.

आता तुमच्या मुलीच्या चार्जरचा हिशोब करू, आणि तिला अजिबात रागावू नका. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून रोजचे २५ धरा. हजार वॅट-अवरचं एक युनिट, म्हणजे वर्षाचे झाले सुमारे ९ युनिट. आपल्याकडची वीज बरीचशी कोळशाची, एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन. म्हणजे वर्षाला सहा-सात किलो. आणि नुसता प्लगमध्ये अडकवलेला, फोन न लावलेला चांगला चार्जर ०.१ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे वर्षभरात एक युनिटसुद्धा नाही. घरातला गिझर एक दिवस दहा मिनिटं कमी चालवला तर चार्जरची तीन-चार महिन्यांची बचत त्यात निघते. डार्क मोडचा उपयोग ओलेड स्क्रीनवर होतो, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. एलसीडीवर मागचा दिवा चालूच असतो, तिथे फरक पडत नाही. तिने हे जरूर करावं. पण तिला हेही सांगा, की ६० किलोचा फोन दोन वर्षांत टाकला तर वर्षाला ३० किलो पडतात आणि पाच वर्षं वापरला तर १२. वर्षाला १८ किलोंची ही बचत कुठल्याही सेटिंगमध्ये नाही. नवी बॅटरी बनवायला अंदाजे एक-दोन किलो लागतात. हा व्यवहार तिला लगेच कळेल.

तेव्हा सगळा प्रश्न बॅटरीवर येऊन थांबतो, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

माझ्याकडे ‘फोन बदलायचाय, आता याच्यात दम नाही’ म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या फोनला काहीही झालेलं नसतं. बोर्ड ठणठणीत, कॅमेरा ठीक, डिस्प्लेला एखादा ओरखडा. गेलेली असते ती बॅटरी, आणि ती जाणारच असते, कारण फोनमधला तो एकच भाग असा आहे की जो रसायनावर चालतो आणि रोज थोडा झिजतो. लिथियम-आयन बॅटरीचे दोन शत्रू: उष्णता आणि सतत पूर्ण भरलेलं पोट. दोन्ही एकत्र आले की फार लवकर जाते. एक आकडा कायम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बॅटरी ४० टक्के भरून २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवली, तर तिची क्षमता साधारण ९६ टक्के उरते. तीच पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली, तर ६५ टक्के. वापर शून्य, तरीही एक तृतीयांश आयुष्य गेलं.

एप्रिल-मे महिन्यात माझ्याकडे पार्सल पोचवणारी मुलं आणि रिक्षावाले दादा यांची रांग असते. फोन हँडलवर नाहीतर काचेला लावलेला, वर ऊन, आत मॅप चालू, आणि वरून केबल लावून चार्जिंग. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर असं उभं राहिलं की फोनच्या पाठीला हात लावता येत नाही. अशा फोनची बॅटरी वर्षभरात फुगते. गेल्या मेमधली गोष्ट. एका मुलाने काउंटरवर फोन ठेवला आणि म्हणाला, ‘काका, टच नीट चालत नाही.’ मी तो सपाट काचेवर ठेवला आणि कोपऱ्याला बोटाने टिचकी मारली. फोन भोवऱ्यासारखा गरकन फिरला. सपाट फोन असा फिरत नाही. पाठ फुगीर झाली की मधोमध टेकतो आणि फिरतो. हीट गनने पाठ गरम करून पातळ प्लास्टिकचं कार्ड आत सरकवलं, तर पाठ आपोआपच वर आली. आतली बॅटरी उशीसारखी टम्म, कडांना चांदीचं पाकीट ताणलेलं, आणि तिने दाबून दाबून वरच्या डिस्प्लेला मधे रेघ पाडलेली. पंधराशेची बॅटरी वेळेत बदलली असती तर सहा हजारांचा फोल्डर वाचला असता. आम्ही डिस्प्ले आणि टच एकत्र असतो त्याला फोल्डर म्हणतो. त्या मुलाने तो खर्च केला नाही, हप्त्यावर नवा फोन घेतला. दोन वर्षांचाही नव्हता तो फोन. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण एक ६०-७० किलोंचा फोन केवळ उन्हामुळे गेला.

तर बॅटरी बदलली की तिला सांभाळायचं कसं? फोनच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आता बहुतेक फोनांत आहे, ती चालू करून टाका. दिवस निघत नसेल त्या दिवशी शंभर करा, बिघडत नाही. शून्यावर नेऊ नका. चार्जिंगला लावताना जाड कव्हर काढा, उशीखाली किंवा गादीवर ठेवू नका. चार्जिंग करत गेम खेळणं हे फोनला दोन बाजूंनी तापवणं आहे, मुलांना एवढं एक नक्की सांगा. गाडीवर लावायचाच असेल तर सावलीच्या बाजूला आणि चार्जिंग काढून. बाकी ‘नवी बॅटरी आठ तास चार्ज करायची’, ‘महिन्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची’ हे जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचे नियम होते, ते आता विसरा.

बॅटरी टाकताना एक सावधगिरी. बाजारात एकाच मॉडेलची बॅटरी चारशेपासून अडीच हजारांपर्यंत मिळते आणि स्टिकर सगळ्यांवर सारखाच असतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका होलसेलवाल्याकडून स्वस्तातला लॉट उचलला होता. सहा महिन्यांत नऊ गिऱ्हाइकं फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन परत आली. सगळ्यांना माझ्या पदरचे पैसे घालून चांगल्या टाकून दिल्या आणि त्यानंतर तो माल कधी घेतला नाही. तेव्हा शक्य तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टाका. तिथे मॉडेल जुनं म्हणून नाही म्हणाले तर ओळखीच्या कारागिराकडे जा, सहा महिन्यांची लेखी वॉरंटी मागा, आणि जुनी बॅटरी तुमच्या समोर काढून बाजूला ठेवायला सांगा. काही फोन बाहेरची बॅटरी ‘अनोळखी भाग’ म्हणून दाखवतात आणि तिचं आरोग्य मोजून दाखवत नाहीत. फोन त्याने बिघडत नाही, घाबरू नका. आणि पाठ एकदा उघडली की पाणी अडवणारा डिंकाचा थर तुटतो. नवा डिंक लावला तरी तो फोन पहिल्यासारखा वॉटरप्रूफ समजू नका.

बॅटरीनंतर फोन ‘मरतात’ त्या कारणांपैकी दोन तर मला रोज भेटतात, आणि दोन्हींत फोन मेलेला नसतो. पहिलं, ‘चार्जिंग जॅक गेला.’ खिशातलं सूत आणि धूळ जॅकमध्ये जाऊन बसते, प्रत्येक वेळी केबल घालताना आणखी आत ठासली जाते, आणि वर्षभराने तिचा नमदा तयार होतो. केबल पूर्ण बसत नाही, फोन चार्ज होत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकचं टोक बारीक तासा आणि कडेकडेने हलकेच उकरा. टाइप-सीच्या मधोमध पातळ जीभ असते, तिला धक्का लावू नका, आणि टाचणी तर अजिबात घालू नका. राखाडी कापसाचा गोळा बाहेर येईल. तेवढ्याने चालू झालेल्या फोनचे मी पैसे घेत नाही. खरंच जॅक गेला असेल तरी बऱ्याच फोनांत तो खालच्या छोट्या वेगळ्या पट्टीवर असतो, काही शेकड्यांत बदलतो.

दुसरं, ‘फोन फार हँग होतो.’ उघडून बघावं तर १२८ जीबीतले १२६ भरलेले, त्यात निम्मे सुप्रभात आणि वाढदिवसाचे व्हिडिओ. मेमरीला लिहायला-पुसायला मोकळी जागा लागते, ती उरली नाही की सगळा फोन रडतो. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेजच्या सेटिंगमध्ये जाऊन मोठ्या फायली उडवा, आपोआप डाउनलोड बंद करा, पाचातली एक जागा रिकामी ठेवा. तरी नाही सुधारला तर बॅकअप घेऊन फॅक्टरी रिसेट. निम्म्याहून जास्त फोन इथेच बरे होतात.

आणि आपल्या गावात पावसाबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. जुलैमध्ये कळव्याची एक कॉलेजची मुलगी फोन घेऊन आली. स्टेशनबाहेर डबक्यात पडला होता. घरी नेऊन आईने तांदळाच्या डब्यात ठेवला, तीन दिवस. चौथ्या दिवशी चालू केला आणि कायमचा बंद झाला. मी उघडला तेव्हा बोर्डावरच्या पत्र्याच्या टोपणाखाली, चार्जिंगच्या जोडणीपाशी, तांब्याच्या भांड्यावर धरतो तसा हिरवट-निळा थर धरला होता. तांदूळ वरचा ओलावा ओढेल, पण टोपणाखाली शिरलेलं पाणी ओढत नाही, आणि रस्त्यावरच्या पाण्यातले क्षार तर मुळीच नाही. बॅटरी जोडलेली असल्यामुळे तिथे वीज खेळत राहते आणि तांबं खात राहते. म्हणून फोन भिजला की लगेच बंद करा, चालू होतो का ते बघू नका, चार्जिंगला लावू नका, हेअर ड्रायर मारू नका, आणि त्याच दिवशी कुणाकडून तरी उघडून घ्या. बॅटरीची जोडणी काढून बोर्ड आयपीएने, म्हणजे दुकानात स्वच्छतेला वापरतात त्या अल्कोहोलने, मऊ ब्रशने धुतला तर पुष्कळ फोन वाचतात. तीन दिवसांनी माझ्याही हातात फार काही राहत नाही. पावसाळाभर चेनच्या प्लास्टिकच्या पिशवीत फोन ठेवणाऱ्या भाजीवाल्या मावशींचे फोन माझ्याकडे सगळ्यात कमी येतात.

समजा हे सगळं करूनही फोन बदलावाच लागला, बोर्डच गेला किंवा बँकेचं ॲप चालेना इतकं सॉफ्टवेअर जुनं झालं, तर पहिला विचार जुन्या चांगल्या फोनचा करा. दुसऱ्याने दोन वर्षं वापरलेला फोन घेतला की एका नव्या फोनची मागणी कमी होते. घेताना *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा, बिलावरचा आणि खोक्यावरचा जुळतो का बघा, आणि मेसेजमध्ये इंग्रजी के-वाय-एम ही तीन अक्षरं, मग एक जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. तो फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवरही हे बघता येतं. चोरीचा फोन स्वस्तात घेऊन पर्यावरण वाचत नाही. आणि विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर रिसेटनंतर फोन कुलूप लावून बसतो.

नवाच घ्यायचा असेल तर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी एकच प्रश्न विचारा: सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार? गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलंय. स्वस्त फोनांत हा आकडा दोनावरही असतो आणि तो खोक्यावर छापलेला नसतो. दुसरं, माझा कारागीर म्हणून सल्ला: भरपूर खपलेलं मॉडेल घ्या, कारण त्याचे भाग पाच वर्षांनीही मिळतात. वळलेल्या कडांचा डिस्प्ले घेऊ नका, तो लवकर फुटतो आणि बदलायला इतका महाग पडतो की लोक फोनच सोडून देतात. स्टोरेज गरजेपुरतं घ्या. त्याच मॉडेलचा जास्त मेमरीचा फोन बनवताना कार्बनही जास्त लागतो, हे कंपन्यांच्याच अहवालांत दिसतं. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय: फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे आणि सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, पण भाग देण्याची सक्ती करणारा कडक नियम आपल्याकडेही यावा, असं मला मनापासून वाटतं. माझ्या धंद्यासाठी नाही. दर आठवड्याला दोन-तीन चांगले फोन मी केवळ भाग नाही म्हणून परत करतो, तेव्हा जीव हळहळतो.

आता ते सात फोन.

जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात आलंय. फोन घरात अडून राहतो त्याचं खरं कारण मला माहीत आहे, बायका मला तोंडावर सांगतात: आतले फोटो. ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहे. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये आतली माहिती कुलूपबंद अक्षरांत साठवलेली असते. फॅक्टरी रिसेट केलं की त्या कुलपाची किल्लीच पुसली जाते. आधी गुगल किंवा ॲपलचं खातं काढा, मग रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. कार्ड काढायचं विसरतं, ते हमखास बघा. फोन चालूच होत नसेल तर आम्ही दुसरी बॅटरी आणि डिस्प्ले तात्पुरता जोडून एकदा चालू करून देतो, तुम्ही समोर बसून फोटो काढून घ्या आणि रिसेट करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

सातपैकी एक-दोन तरी पुन्हा उभे राहतील, असा माझा अनुभव सांगतो. ते आजीला, कामवाल्या ताईंच्या मुलाला, किंवा घरातच स्वयंपाकघरातला रेडिओ म्हणून वापरा. न उठणारे राहतील त्यांच्यासाठी रिसायकलर.

तुमच्या सोसायटीच्या गेटवरही येत असेल तो: मोटारसायकलला भोंगा बांधलेला, ‘बंद पडलेला, फुटलेला मोबाईल द्या’ म्हणत फिरणारा. त्या माणसाला मी दोष देत नाही. तो पोटासाठी उन्हातान्हात फिरतो, आणि त्याच्या साखळीत चांगले कॅमेरे, आयसी म्हणजे बोर्डावरच्या चिप, फोल्डर निवडून पुन्हा वापरात येतात, हे काम तो फार हुशारीने करतो. गडबड शेवटच्या पायरीला होते. उरलेला बोर्ड कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बादलीत जातो. त्यातून सोनं काढतात, बाकीचं नाल्यात. तांब्यासाठी वायरी जाळतात तेव्हा वरच्या प्लास्टिकमधून डायऑक्सिनसारखी विषं निघतात, आणि ती श्वासात घेणारा माणूस बऱ्याचदा हातमोज्याशिवाय बसलेला असतो. आपल्या भागातले बहुतेक नाले शेवटी खाडीला मिळतात. ऐरोलीपासून फ्लेमिंगो बघायला आपण जातो ती ठाणे खाडी २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. घरातलं शिसं आणि ॲसिड तिथे पोचू नये एवढं आपल्या हातात आहे. जुन्या फोनांत, २००६ च्या आधीच्या, सोल्डरमध्ये शिसं असायचं. तुमच्या सातात एखादा तसा असेलही.

रीतसर कारखान्यात मात्र तोच बोर्ड म्हणजे उत्तम खाण आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशोब असा, की १० लाख फोनांतून सुमारे १६ टन तांबं, ३५० किलो चांदी, ३४ किलो सोनं आणि १५ किलो पॅलेडियम निघतं. टोकियो ऑलिंपिकची पदकं आठवतात? जपानने दोन वर्षांत लोकांकडून सुमारे ६२ लाख जुने फोन आणि इतर छोटी उपकरणं गोळा केली, आणि सगळी, जवळजवळ ५,००० पदकं, त्यातल्या धातूंची बनवली. नीरज चोप्राचं सुवर्णपदकही त्यातलंच. ही गोष्ट मुलीला सांगाच. पण तिला पूर्ण खरं सांगायचं तर हेही सांगा, की रिसायकलिंगमध्ये सोनं-तांबं परत येतं, चुंबकातले दुर्मीळ धातू बहुतेक येत नाहीत, आणि चिप बनवताना गेलेला कार्बन तर नाहीच येत. म्हणून आधी दुरुस्ती, मग दुसऱ्याला देणं, आणि सगळ्यात शेवटी रिसायकल.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार विकलेला माल ठराविक प्रमाणात रिसायकल करून घेणं ही कंपन्यांची जबाबदारी आहे. पहिली दोन वर्षं ६० टक्के, मग दोन वर्षं ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. तेव्हा कुठल्याही मोठ्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुना फोन घ्या म्हणायला संकोच करू नका. नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतला नोंदणीकृत रिसायकलर शोधा. सात फोनांसाठी गाडी येत नाही, पण तुमच्यासारख्या टॉवरमध्ये दोनशे घरं असतात. २६ जानेवारीला झेंडावंदनाच्या टेबलाशेजारी एक खोका ठेवा, फोन, केबल, चार्जर, इयरफोन सगळं जमा करा. शंभर-दीडशे किलो झालं की रिसायकलर आनंदाने येतो. वजनाची पावती आणि सर्टिफिकेट मागून घ्या, सेक्रेटरींना फाइलला लागतं आणि तुम्हालाही खात्री राहते. खोका सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात मात्र देऊ नका. घंटागाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपली की आतले थर एकमेकांना टेकतात आणि कचऱ्यालाच आग लागते.

तुमचा चालू फोन घेऊन सवडीने या, बॅटरीला तासभर लागेल. सातही सोबत आणा आणि मुलीलाही आणा. कोणते उठतात ते तिच्यासमोरच बघू, तिला बोर्डही दाखवतो. फक्त येण्याआधी घरी एक काम नका करू: ‘चालू होतो का बघू’ म्हणून ते जुने फोन चार्जिंगला लावू नका. प्रत्येक फोन टेबलावर सपाट ठेवून टिचकी मारा. जो गरकन फिरेल किंवा ज्याची पाठ उचललेली दिसेल, तो दाबू नका, उघडू नका, बाकीच्यांपासून वेगळा काढा आणि कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून रिक्षाने घेऊन या, गर्दीच्या बसमध्ये नको. माझ्या टेबलाखाली असाच वाळूचा डबा कायम असतो.